सत्याच्या पेढीवरील उमेदवारी

व्यापारी घराण्यांत ‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरला असला, तरी त्याचा जुना अर्थ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुलगा शाळेतून बाहेर पडला की त्याला थेट घरच्या गादीवर बसवीत नसत. आधी दुसऱ्याच्या पेढीवर वर्ष-दोन वर्षे उमेदवारीस पाठवीत. तेथे तो सकाळी दुकान झाडी, निरोप पोहोचवी, वसुलीला जाई आणि उरलेल्या वेळात मुनीमजींच्या शेजारी बसून किर्दीवरून खतावणी करावयास शिके. जमा आणि नावे यांत एका पैशाचाही फरक पडला, तर तो सापडेपर्यंत दिवा मालवायचा नाही, ही त्या पेढीची शिस्त असे. पगार नाममात्र मिळे. मिळकत असे ती या शिस्तीचीच.

आज त्याच उमेदवारीला इंटर्नशिप म्हणतात. मुलगा वा मुलगी सनदी लेखापालाच्या कार्यालयात, बँकेत किंवा सल्लागार कंपनीत उमेदवारी करीत असेल, तर घरात कोणी प्रश्न विचारीत नाही. मात्र वाणिज्य किंवा संगणकशास्त्र शिकलेली एखादी मुलगी, ‘मला ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या शोधपत्रकारितेच्या संस्थेत सहा महिने काम करावयाचे आहे,’ असे म्हणाली, तर जेवणाच्या पंगतीत क्षणभर शांतता पसरते. पुढे प्रश्न सुरू होतात. तेथे पगार कोण देते? जाहिराती नाहीत, अंक विकत नाहीत, मग खर्च भागतो कसा? दुसऱ्यांचे दोष शोधण्याचा हा उद्योग आपल्या संस्कारांत बसतो का? आणि उद्या त्याच संस्थेने आपल्याच धंद्याची चौकशी केली तर?

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांची उत्तरे देण्यासाठी हा व्यवसाय आतून कसा चालतो, हे प्रथम पाहावयास हवे.

नफ्याविना चालणारी बातमी

शोधपत्रकारिता म्हणजे घडलेली घटना सांगणे नव्हे. जे घडले आणि जे झाकून ठेवले गेले, ते कागदपत्रांच्या आधारे सिद्ध करणे म्हणजे शोधपत्रकारिता. या कामाला वेळ फार लागतो आणि हाती काही लागेलच याची शाश्वती नसते. वृत्तपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न घटू लागले, तेव्हा पहिली कात्री याच विभागाला लागली. व्यापारी हिशेबाने पाहिले तर त्यात नवल नाही. ज्या मालाचा खर्च आधी आणि विक्री अनिश्चित, तो माल कोण भरून ठेवील?

या अडचणीवर अमेरिकेत एक उपाय निघाला, तो म्हणजे धर्मादाय संस्थेच्या स्वरूपात शोधपत्रकारिता करण्याचा. सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टिंग ही संस्था १९७७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. सेंटर फॉर पब्लिक इंटिग्रिटी १९८९ साली निघाली. या परंपरेतील सर्वांत परिचित नाव मात्र न्यूयॉर्कच्या ‘प्रोपब्लिका’चे आहे. हर्बर्ट आणि मॅरियन सँडलर या दांपत्याने आपली गोल्डन वेस्ट ही गृहकर्ज देणारी वित्तसंस्था २००६ साली वॅकोव्हिया बँकेला विकली आणि त्यानंतर दरवर्षी एक कोटी डॉलर देण्याचे वचन देऊन ही संस्था उभी केली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे माजी व्यवस्थापकीय संपादक पॉल स्टायगर यांनी तिची धुरा घेतली. २००७ साली स्थापना झाली आणि २००८ पासून लेख प्रसिद्ध होऊ लागले.

संस्थेने प्रथमपासून एक वेगळा नियम ठेवला. तपास पूर्ण झाला की तो एखाद्या मोठ्या वृत्तपत्राबरोबर प्रसिद्ध करावयाचा आणि नंतर इतरांनाही काही अटींवर विनामूल्य छापू द्यावयाचा. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहरातील मेमोरियल रुग्णालय पाण्याने वेढले गेले होते. तेथे अडकलेल्या रुग्णांचे काय झाले, याचा शोध शेरी फिंक यांनी घेतला. त्या स्वतः वैद्यकशास्त्राच्या पदवीधर आहेत. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी या विषयावर काम केले आणि या एका लेखाचा खर्च चार लाख डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज त्या वेळी मांडला गेला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत तो २००९ साली प्रसिद्ध झाला आणि २०१० चा पुलित्झर पुरस्कार त्याला मिळाला. एका लेखामागे एवढा पैसा घालणे कोणत्याही धंद्यात बसत नाही. पांजरपोळात म्हाताऱ्या गाईचा सांभाळ करणे तरी कोणत्या धंद्यात बसते? जे बाजार करू शकत नाही आणि तरीही समाजाला हवे असते, त्यासाठीच तर धर्मादाय निर्माण झाला.

उमेदवाराचा दिवस

चित्रपटांतून दिसणारा शोधपत्रकार अंधाऱ्या वाहनतळावर गुप्त माणसाला भेटतो. प्रत्यक्षातील उमेदवाराचा दिवस बहुतांशी टेबलापाशी जातो आणि तो जुन्या पेढीवरील दिवसाशी विलक्षण जुळतो.

पहिले काम कागद मागवण्याचे. अमेरिकेत १९६६ साली माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला. त्यानुसार केंद्रीय खात्याने वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात महिने, प्रसंगी वर्षे जातात. उमेदवाराकडे अशा अर्जांची नोंदवही सोपवली जाते. कोणता अर्ज कोठे गेला, पोच कधी आली, अपिलाची मुदत कधी संपते, हे सारे त्याने सांभाळावयाचे असते. थकलेल्या उधारीचा पाठपुरावा ज्या चिकाटीने व सौजन्याने करावा लागतो, तीच चिकाटी आणि तेच सौजन्य येथेही उपयोगी पडते. अर्ज मोघम लिहिला तर उत्तरही मोघम येते. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिणारा रिकाम्या हाताने परततो. अमुक कार्यालयाचे, अमुक तारखांमधील, अमुक नमुन्यातील अहवाल मागणाऱ्याच्या हाती काहीतरी लागते.

दुसरे काम आलेली माहिती स्वच्छ करण्याचे. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असते. तारखांत दिवस आणि महिना उलटसुलट झालेले असतात. रकमेच्या रकान्यात कोणीतरी शेरा लिहून ठेवलेला असतो. २०१० साली प्रोपब्लिकाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमांची एक जाहीर सूची तयार केली. प्रत्येक कंपनीने आपली माहिती आपापल्या पद्धतीने मांडली होती. ती सारी एका साच्यात आणल्यावरच, अमुक डॉक्टरांना अमुक कंपन्यांकडून किती रक्कम मिळाली, हे रुग्णाला एका ठिकाणी पाहता आले. पुढे २०१४ पासून अमेरिकन सरकारनेच अशी अधिकृत सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. किर्दीतील विस्कळीत नोंदी खातेनिहाय लावण्याचेच हे काम आहे. ते ज्याला कंटाळवाणे वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये.

तिसरे काम पडताळणीचे. लेख लिहून झाला की त्यातील प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा लिहावा लागतो. ‘अधिकारी दहा वर्षे त्या पदावर होते’ असे वाक्य असेल, तर नेमणुकीचा आदेश कोठे आहे? ‘बहुतेक कामगारांनी तक्रार केली’ असे असेल, तर किती जणांशी बोलणे झाले आणि त्यांपैकी कितीजणांनी? लिहिणारा ज्येष्ठ असो वा पुरस्कारप्राप्त, उमेदवाराने त्याला असा प्रश्न विचारावयाचा असतो आणि त्याने रागावावयाचे नसते. आकडा जुळेपर्यंत दिवा न मालवण्याची शिस्त ती हीच.

सात हजार नावांची खतावणी

या कामातून काय हाती येते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अमेरिकेतील काही न्यायालये आरोपीला जामीन वा शिक्षा ठरवताना संगणकाने दिलेला एक गुणांक विचारात घेत. हा माणूस पुन्हा गुन्हा करील काय, याचे ते भाकीत असे. गुणांक काढणारी प्रणाली एका खासगी कंपनीची होती आणि तिचे गणित गुप्त होते. प्रोपब्लिकाच्या गटाने फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्यात २०१३ आणि २०१४ मध्ये अटक झालेल्या सात हजारांहून अधिक लोकांचे गुणांक मागवले. प्रत्येक नावासमोर पुढील दोन वर्षांत त्या माणसावर नवा गुन्हा नोंदला गेला की नाही, हे न्यायालयीन दप्तरातून जुळवले.

निष्कर्ष मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ‘धोकादायक’ ठरवले, पण ज्यांनी पुढे काहीही गुन्हा केला नाही, अशांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ दुप्पट होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, जे गिऱ्हाईक पै-पै फेडणारे होते, त्यालाच बुडवा समजून उधारी नाकारली गेली आणि ही चूक एकाच समाजाच्या वाट्याला अधिक आली.

कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. एकाच गुणांकाच्या लोकांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण दोन्ही समाजांत सारखेच आहे, तेव्हा प्रणाली न्याय्यच आहे, असा तिचा युक्तिवाद होता. पुढे विद्वानांनी दाखवून दिले की, दोन समाजांत गुन्हे नोंदले जाण्याचे प्रमाणच वेगळे असेल, तर न्याय्यतेच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण करणे गणिताने अशक्य आहे. हा वाद होऊ शकला, कारण प्रोपब्लिकाने आपली सर्व आकडेवारी आणि पद्धत जाहीर केली होती. आपली वही दुसऱ्याच्या तपासणीसाठी उघडी ठेवल्यामुळे विरोधकालाही तिच्यातील आकडेच वापरून उत्तर देता आले. एकाच वस्तूकडे अनेक नयांनी पाहता येते, हे ज्या समाजाला लहानपणापासून शिकवले जाते, त्याला या घटनेचे मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र अनेकान्त म्हणजे सर्वांचेच म्हणणे सारखे खरे मानणे नव्हे. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे स्पष्ट सांगण्याची ती जबाबदारी आहे.

हा परपरिवाद नव्हे काय?

आता घरातील सर्वांत गंभीर प्रश्नाकडे वळू. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद यांची गणना आहे. खोटा आळ घेणे, चहाडी करणे आणि परनिंदेत रमणे ही ती पापे. मग दुसऱ्याचे दोष शोधून जगजाहीर करणारा व्यवसाय त्यांतून सुटतो कसा?

उत्तर देताना सावध राहावयास हवे, कारण प्रत्येक शोधपत्रकार त्यांतून सुटतोच असे नाही. द्वेषाने, प्रसिद्धीच्या लोभाने किंवा अर्धवट पुराव्यावर केलेले लिखाण निश्चितच या पापांत मोडते. म्हणून प्रश्न व्यवसायाचा नसून आचाराचा आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांतील तीन या कामाला थेट लागू पडतात.

एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्त करणे. हाती आलेला कागद खरा आहे की बनावट, हे तपासण्यापूर्वी तो छापणारा या दोषाचा भागीदार होतो. म्हणून जबाबदार संस्थांमध्ये फुटलेला कागद मिळाला की पहिले काही आठवडे केवळ त्याची सत्यता पडताळण्यात जातात. दुसरा रहोभ्याख्यान, म्हणजे कोणाच्या एकान्तातील गोष्ट उघड करणे. सार्वजनिक अधिकाराचा गैरवापर आणि एखाद्याचे खासगी जीवन यांतील सीमारेषा येथे पाळावी लागते. मंत्र्याला कोणी काय भेट दिली, हा समाजाचा प्रश्न आहे. त्याच्या मुलीचे लग्न का मोडले, हा नाही. तिसरा न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव विसरणाऱ्याला कमी परत करणे. मुलाखत देणाऱ्याने दहा वाक्ये सांगितली आणि त्यांतील आपल्या सोयीची दोनच छापली, तर ती ठेव बुडवल्यासारखेच आहे.

याखेरीज श्रावकाचारात एक सूक्ष्म नियम आहे. ज्या वचनाने जीवावर संकट ओढवेल, ते खरे असले तरी बोलू नये. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचा पत्रकारितेतील दंडक याच जातीचा. कारखान्यातील विषारी सांडपाण्याविषयी सांगणाऱ्या कामगाराचे नाव उघड झाले, तर त्याची नोकरी जाईल, कदाचित जीवही. म्हणून उमेदवाराला पहिल्याच दिवशी बजावले जाते की कार्यालयातील विषय घरी, मित्रांत, दूरध्वनीवर कोठेही काढावयाचा नाही. अत्यंत जिव्हाळ्याच्या कुटुंबांना हे मौन जड जाते. मुलगी रात्री फोनवर ‘आज काय केलेस?’ या प्रश्नाला ‘काम’ एवढेच उत्तर देऊ लागली, तर तिचा स्वभाव बदलला असे समजू नये.

आणि ज्याच्यावर लेख आहे, त्याला प्रसिद्धीपूर्वी सर्व आरोप लेखी कळवून उत्तरासाठी पुरेसा अवधी देणे हा या संस्थांचा रूढ नियम आहे. छापून आल्यावर त्याला धक्का बसता कामा नये. त्याचे उत्तर आले तर ते लेखात समाविष्ट होते आणि कित्येकदा त्या उत्तरामुळे लेखातील एखादा भाग गळतोही. तरीही चूक राहिलीच, तर लेखासोबतच दुरुस्ती छापावयाची आणि कोणते वाक्य कसे चुकले, ते स्पष्ट लिहावयाचे. संवत्सरीला वर्षभरातील दोषांची आलोचना करणाऱ्या समाजाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. आग्र्याचे व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ साली आपले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा व्यापारातील स्वतःची फसगत आणि स्वतःचे दोष त्यांनी लपवले नाहीत.

कागदपत्रे वाचून सत्य शोधण्याची परंपराही आपल्यात नवी नाही. वीरचंद राघवजी गांधी यांना आपण १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून ओळखतो. त्याआधीचे त्यांचे एक कार्य मात्र कमी सांगितले जाते. सम्मेदशिखराच्या पवित्र पहाडावर डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा ते कलकत्त्यास गेले. दाव्याशी संबंधित मूळ दस्तऐवज स्वतः वाचता यावेत म्हणून त्यांनी तेथे राहून बंगाली भाषा शिकून घेतली आणि कागदांच्या बळावर बाजू उभी केली. कारखाना बंद झाला. त्यांनी कोणाची निंदा केली असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी पुरावा वाचला आणि मांडला.

गुप्तदान आणि जाहीर दान

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते, कारण त्यात मानकषायाला जागा नसते. शोधपत्रकारितेत मात्र गुप्तदान घातक ठरते. लेख कोणाच्या पैशातून लिहिला गेला, हे वाचकाला कळले नाही, तर तो लेख निःपक्षपाती आहे की कोणाची सुपारी आहे, हे ठरवावयाचे कसे? म्हणून अमेरिकेतील अशा वृत्तसंस्थांच्या महासंघाने सदस्यत्वासाठी अट घातली आहे की पाच हजार डॉलर वा अधिक देणाऱ्या दात्याचे नाव जाहीर केलेच पाहिजे. शिवाय तेथील बहुतेक मोठ्या धर्मादाय संस्थांना प्राप्तिकर खात्याकडे ‘फॉर्म ९९०’ नावाचे वार्षिक विवरण भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. त्यात उत्पन्न, खर्च आणि प्रमुख अधिकाऱ्यांचे वेतनही असते. प्रोपब्लिकाने अशा लाखो विवरणांची शोधसूची सर्वांसाठी खुली केली आहे. तीत तिचे स्वतःचे विवरणही सापडते.

दाता आणि संपादक यांच्यामधील भिंत किती पक्की असावी लागते, याची परीक्षा याच संस्थेला आरंभीच द्यावी लागली. २००८ च्या मंदीत गृहकर्जांचा डोलारा कोसळला, तेव्हा सँडलर यांच्या जुन्या वित्तसंस्थेने दिलेल्या कर्जांवरही कठोर टीका झाली. सँडलर यांनी ती नाकारली. पण ते संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे संस्थेकडे साहजिकच बोट दाखवले गेले. कोणता विषय हाती घ्यावयाचा, यात विश्वस्तांनी पडू नये आणि लेख प्रसिद्धीपूर्वी त्यांनी पाहू नये, हा नियम संस्थेने आधीच घातलेला होता. पुढे २०११ साली प्रोपब्लिकाला दुसरा पुलित्झर मिळाला, तो वॉल स्ट्रीटवरील व्यवहारांनी मंदी कशी गडद केली, हे दाखवणाऱ्या लेखमालेसाठी.

महाराष्ट्रात दान आणि सत्ता यांच्या संबंधाचे उदाहरण ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी निगडित प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्या आणि त्या काळी नियंत्रित असलेल्या सिमेंटचे वाटप यांचा संबंध मांडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पद सोडावे लागले. न्यायालयीन लढा पुढे अनेक वर्षे चालला. सिमेंटच्या पोत्यासाठी खेटे घालणाऱ्या प्रामाणिक व्यापाऱ्याला त्या लेखांतून आपल्याच अडचणीचे कारण वाचावयास मिळाले होते.

घरच्या पेढीचा प्रश्न

उरला तो अवघड प्रश्न. संस्थेने आपल्याच व्यवसायाची चौकशी आरंभली तर? येथे नियम सरळ आहे. उमेदवाराने रुजू होतानाच कुटुंबाचे व्यवसाय, भागीदाऱ्या आणि शेअर यांची माहिती देऊन ठेवावयाची. त्या क्षेत्राशी संबंधित तपास आला की त्याला दूर ठेवले जाते. त्याने घरी काही कळवावयाचे नाही आणि घरच्यांनी काही विचारावयाचे नाही. जो पिता मुलीला अशा ठिकाणी पाठवतो, त्याने ही अट आपणही स्वीकारली आहे, हे जाणूनच पाठवावे.

आणि नाव आले म्हणजे दोष सिद्ध झाला, असेही नसते. ३ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘पनामा पेपर्स’मध्ये एका विधिसंस्थेतील एक कोटी पंधरा लाख कागद होते. जवळपास ऐंशी देशांतील साडेतीनशेहून अधिक पत्रकारांनी सुमारे वर्षभर त्यांवर मौन राखून काम केले. भारतातून ‘इंडियन एक्सप्रेस’ त्यात सहभागी होता. ही मोहीम चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने आपल्या सूचीवर स्पष्ट लिहिले आहे की परदेशी कंपन्यांचे कायदेशीर उपयोगही असतात आणि केवळ नाव असणे म्हणजे गुन्हा नव्हे. ज्याची वही स्वच्छ, त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. ज्याची नाही, त्याच्यासाठी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आधीपासूनच सांगितलेला आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि पाठवणाऱ्यांसाठी

निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. संस्था आपल्या दात्यांची नावे जाहीर करते काय? चुकांची दुरुस्ती छापते काय? उमेदवाराला वेतन देते काय? विनावेतन उमेदवारी म्हणजे फक्त सुखवस्तू घरांतील मुलांनाच प्रवेश, हे ओळखून अनेक संस्था आता वेतन देतात. अमेरिकेत विद्यार्थी परवान्यावर शिकणाऱ्यांनी विद्यापीठाची आणि आवश्यक तेथे शासनाची पूर्वसंमती घेतल्याविना बाहेरचे काम स्वीकारू नये. त्यातील ढिलाई पुढील सर्व शिक्षणाला बाधक ठरते.

पूर्वतयारी येथेच करता येते. महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळावे अशी तरतूद आहे. बारावी झालेल्या मुलानेही आपल्या वॉर्डातील रस्त्याच्या कंत्राटाविषयी एक नेमका अर्ज लिहून पाहावा. सार्वजनिक न्यासाचे जमा-खर्च पत्रक वाचावयास शिकावे. आपले मंदिर, धर्मशाळा वा पांजरपोळ ज्या विश्वस्त संस्थेकडे आहे, तिच्यापासूनच आरंभ केला तर उत्तम. अमेरिकेत १९७५ साली स्थापन झालेली शोधपत्रकारांची संघटना आजही नवोदितांना आकडेवारीच्या तक्त्यांपासून शिकवते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्यात मुळातच दोन पावले पुढे असतो. मुंबईत २०११ पासून ‘इंडियास्पेंड’ ही ना-नफा संस्था सरकारी आकडेवारीवर आधारित पत्रकारिता करीत आहे.

धोक्याविषयीही बोलावयास हवे. १९७६ साली अ‍ॅरिझोनात डॉन बोल्स हे पत्रकार मोटारीतील स्फोटात मारले गेले. त्यानंतर देशभरातून आलेल्या त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्या राज्यातील गुन्हेगारीचा तपास एकत्रितपणे पुढे चालवला. २०११ साली मुंबईत पवई येथे जे. डे यांची हत्या झाली. उमेदवाराला सहसा अशा आघाडीवर पाठवीत नाहीत. तरीही संस्था सुरक्षिततेचे कोणते प्रशिक्षण देते आणि कायदेशीर खर्च कोण उचलते, हे पालकांनी संकोच न करता विचारावे.

आणखी एक विषय दात्यांसाठी. भारतातील वृत्तपत्रांना आणि पत्रकारांना परदेशी देणगी घेण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे येथे ही परंपरा वाढावयाची असेल, तर पैसा येथूनच यावा लागेल. आपल्या समाजाने पाठशाळा, रुग्णालये, ग्रंथभांडारे आणि पांजरपोळ उभे केले. त्या यादीत या कामाला स्थान द्यावयाचे की नाही, हा विचार प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीनुसार करावा. देणे ठरले तर नाव जाहीर करण्याची आणि लेखात ढवळाढवळ न करण्याची, या दोन्ही अटी मनापासून मान्य असाव्यात.

सहा महिन्यांनी मूल परत येते, तेव्हा ते पत्रकार होईलच असे नाही. कित्येकजण पुढे वकील होतात, लेखापरीक्षक होतात किंवा घरच्या गादीवर बसतात. मात्र समोर आलेल्या प्रत्येक विधानाला ‘याचा कागद कोठे आहे?’ असे नम्रपणे विचारण्याची सवय त्यांना लागलेली असते. हा प्रश्न कधीतरी घरच्या वहीलाही विचारला जाईल. त्या दिवशी वडिलांनी वही पुढे सरकवावी आणि शेजारी बसावे.